जुन्या प्रिसिजन लेथचा बेड ग्राइंड करून घ्यावा का?

प्रश्न

घरातल्या वर्कशॉपसाठी मी एक जुना, छोटा प्रिसिजन लेथ (धातूची सळई फिरवत ठेवून टूलने कापणारे मशीन) घेतला असून तो पुन्हा पूर्ण अचूकतेने चालावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. टेलस्टॉकचा (दुसऱ्या टोकाला आधार देणाऱ्या भागाचा) आधार न देता सळईचे टर्निंग केल्यास 150 मिमी लांबीत मोकळ्या टोकाचा व्यास चकजवळच्या (सळई पकडणाऱ्या जबड्याजवळच्या) व्यासापेक्षा 0.06 मिमीने जास्त येतो. बेड (लेथचा ओतीव पाया, ज्यावर टूल सरकते) झिजला आहे, तो ग्राइंड करून घ्या, असा सल्ला मिळाला. परंतु बेडवर मूळ स्क्रेपिंगच्या (पृष्ठभाग हाताने खरवडून सपाट केल्याच्या) खुणा अजून दिसतात आणि त्या कायमच्या पुसून टाकायला मन धजत नाही. मशीन खोलण्यापूर्वी काय तपासावे?

प्रतिसाद १

ग्राइंडिंगचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. स्क्रेपिंगच्या खुणा अत्यंत उथळ असतात. त्यामुळे सॅडल (बेडवर सरकणारा, टूल वाहणारा भाग) ज्या भागात सर्वाधिक फिरते, त्या चकजवळच्या पट्ट्यातही त्या शाबूत असतील, तर तिथली झीज फारच थोडी आहे. केवळ टेलस्टॉकच्या बाजूला दिसत असतील, तर मात्र त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

तुम्ही सांगितलेला फरक बेडला पीळ बसल्यानेही येतो. ओतीव लोखंडाचा बेड कितीही भक्कम दिसला तरी असमान टेबलावर बोल्ट आवळले की तो पिळतो, आणि टूल अक्षापासून नुसते 0.03 मिमी दूर सरकले तरी व्यास 0.06 मिमीने वाढतो. याउलट, 30 मिमी व्यासाच्या कामावर टूल 0.05 मिमी खाली गेले, तर व्यासातला फरक एका मायक्रॉनहूनही कमी असतो. म्हणून खरी काळजी आडव्या सरकण्याची करायची.

किमान 30 मिमी जाडीची सळई घेऊन तिच्यावर दोन्ही टोकांना आणि मधोमध अशा तीन कॉलर (जाड पट्टे) ठेवाव्यात, कॉलरच्या मधले भाग बारीक करावेत आणि धारदार टूलने अगदी हलका शेवटचा कट द्यावा, कारण जड कटखाली सळई वाकते आणि मोकळे टोक उगाचच जाड निघते. तिन्ही व्यास एकसारख्या प्रमाणात वाढत गेले, तर पीळ किंवा हेडस्टॉकची (चक फिरवणाऱ्या भागाची) दिशा हे कारण समजावे. मधली कॉलर या क्रमात बसली नाही, तर झीज संभवते. पीळ आहे की हेडस्टॉक, हे बेडवर आडवी ठेवलेली 0.02 मिमी प्रति मीटर क्षमतेची पाणसळ सांगेल.

प्रतिसाद २

त्याआधी स्पिंडलची (चक ज्यावर बसतो त्या फिरत्या दांड्याची) ढिलाई पाहावी, नाहीतर वरील चाचणीचे आकडे निरर्थक ठरतील. डायल गेज बेडवर बसवून त्याचे टोक स्पिंडलच्या नाकावर टेकवावे आणि चकमध्ये धरलेली सळई हाताने वर-खाली दाबावी. बेअरिंग ब्राँझ बुशचे असेल, तर त्यात मशीनच्या पुस्तिकेत सांगितलेले पातळ स्पिंडल ऑईलच वापरावे. ग्रीस कधीही भरू नये. बेडच्या वेवर (सॅडल ज्यांवरून सरकते त्या पट्ट्यांवर) एमरी (घासण्याची कठीण पूड किंवा कागद) मुळीच फिरवू नये, कारण तिचे कण ओतीव लोखंडात रुततात. रॉकेल, कापड आणि धीर पुरेसा आहे. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नये.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. स्पिंडल घट्ट आहे. तिन्ही कॉलरचे व्यास क्रमाने वाढत गेले आणि टेलस्टॉकच्या टोकाला बेडची पुढची बाजू खाली असल्याचे पाणसळीने दाखवले. तिथला पुढचा पाय शिम (पातळ पत्र्याची चकती) देऊन उचलल्यावर फरक 0.01 मिमीवर आला.

प्रतिसाद १

दिशा अगदी बरोबर आहे: पुढची बाजू उचलली की टूल कामाकडे झुकते. उरलेल्या फरकासाठी लगेच आणखी शिम घालू नये. टेबल लाकडी असेल तर ते अजून बसेल, म्हणून मशीन काही दिवस नेहमीसारखे वापरून तीच चाचणी पुन्हा घ्यावी. त्यानंतरच सॅडल उतरवून, बेडवर खुणेच्या निळ्या रंगाचा पातळ थर लावून, सॅडलच्या खालच्या पृष्ठभागाचा संपर्क कुठे होतो ते तपासावे. झिजलेल्या लेथमध्ये पुष्कळदा दुरुस्तीची खरी गरज तिथेच असते, आणि ते काम बेडला हात न लावता स्क्रेपरने घरी करता येते.