मदत हवी आहे: पांढऱ्या सीनला पडद्यावर गुलाबी डाग येतो, शॅडो मास्क (पडद्यामागचा भोकांचा पातळ पत्रा) तापून फुगतोय का?

नमस्कार मंडळी,

पिक्चर ट्यूबवाला २१ इंची फ्लॅट काचेचा कलर टीव्ही आहे, जुन्या व्हिडिओ गेमसाठी मुद्दाम जपून ठेवलाय. चालू केल्यावर चित्र एकदम स्वच्छ असतं, पण गेममध्ये बर्फाची लेव्हल आली आणि डावीकडे मोठा पांढराशुभ्र भाग बराच वेळ थांबला की तिथे, म्हणजे मध्य आणि कड यांच्या साधारण अर्ध्यावर, गुलाबीसर डाग यायला लागतो. काळोखा सीन आला की थोड्या वेळात आपोआप जातो.

चुंबकाचा प्रॉब्लेम वाटत नाही. स्पीकर लांब ठेवलेत, चालू करताना डिगॉस कॉइलचा (ट्यूबमधलं चुंबकत्व घालवणाऱ्या कॉइलचा) घुंऽऽग आवाज येतो म्हणजे पीटीसी (तिचा करंट हळूहळू कमी करणारा भाग) ठीक असावा, बाहेरून कॉइल फिरवली तरी काही फरक नाही.

मी जे वाचलंय त्यावरून गन (इलेक्ट्रॉनचा झोत, म्हणजे बीम, सोडणारा भाग) आणि मास्कचं गणित असं समजलंय, चुकत असेल तर सांगा. १९५० च्या आरसीए या अमेरिकन कंपनीच्या ट्यूबमध्ये तीन गन त्रिकोणात होत्या आणि मास्कला गोल भोकं, १९७२ च्या सुमारास तिन्ही एका आडव्या रांगेत आल्या आणि मास्कला उभ्या फटी, पडद्यावर लाल-हिरव्या-निळ्या उभ्या पट्ट्या. तीन बीम एकाच फटीतून पण जरा वेगवेगळ्या कोनातून जातात, म्हणून प्रत्येक बीम आपापल्याच पट्टीवर पडतो. सगळं काम या कोनावर! आणि जवळजवळ ८० टक्के इलेक्ट्रॉन फटीतून जातच नाहीत, मास्कवरच आपटतात. २५ किलोव्होल्टला १ मिलीअँपियर बीम धरला तर २५ वॅट, त्यातले २० वॅट त्या पातळ पत्र्यातच जिरतात. पत्रा तापतो, कडेला जाड फ्रेमने धरलेला म्हणून पसरायला जागा नाही, मग काचेकडे फुगतो, फट पुढे सरकते आणि बीम आपल्या पट्टीवरून मध्याच्या बाजूला घसरतो. मधोमध बीम सरळ येतो म्हणून तिथे फरक पडत नाही, कडेला फ्रेमने धरलंय, म्हणून अधल्यामधल्या जागेत डाग. वर-खाली घसरला तरी पट्ट्या उभ्याच असल्यामुळे रंग बदलत नाही. हे माझ्या डागाशी तंतोतंत जुळतंय.

आता प्रश्न. ट्यूब न उघडता हे नक्की कसं ठरवायचं? मास्क साध्या लोखंडी पत्र्याचा असेल तर इन्व्हारच्या (तापल्यावर कमी पसरणाऱ्या मिश्रधातूच्या) मास्कवाली ट्यूब शोधावी का? की प्युरिटीच्या रिंगा (ट्यूबच्या मानेवरच्या, बीम जुळवणाऱ्या चुंबकी कड्या) फिरवून भागेल? ट्यूब बाकी इतकी सुंदर आहे की भंगारात द्यायची अजिबात इच्छा नाही.

प्रतिसाद:

लक्षणं डोमिंगचीच, म्हणजे मास्क तापून फुगण्याचीच आहेत. खात्री करायची तर काळ्या पडद्यावर त्याच जागी पांढरा चौकोन काही मिनिटं ठेवा आणि लगेच पूर्ण लाल पडदा लावा. डाग दिसून बघता बघता विरला तर उष्णता, तसाच राहिला तर मास्क सरकलाय किंवा चुंबकत्व आहे.

रिंगांना हात लावू नका, थंड असताना रंग बरोबर आहेत ते पण बिघडतील. आधी काँट्रास्ट कमी करा. मग बघा, काळ्या सीनमध्ये तिरप्या बारीक रेघा दिसतात का? दिसत असतील तर एलओटीवरचा (ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा) स्क्रीनचा पॉट, म्हणजे फिरवायचं बटण, जास्त उघडलाय, तो किंचित कमी करा, बीमचा करंट उतरला की मास्कची उष्णता पण उतरेल. हे काम माहितगार मेकॅनिककडूनच करून घ्या, बंद टीव्हीच्या ट्यूबमध्येही जीवघेणा चार्ज राहतो.

इन्व्हारमध्ये ३६ टक्के निकेल असतं, ते लोखंडाच्या साधारण दहाव्या हिश्शानेच पसरतं, म्हणून फरक मोठा पडतो. पण नुसता मास्क बदलता येत नाही, कारण पडद्यावरच्या पट्ट्या त्याच मास्कमधून प्रकाश टाकून छापलेल्या असतात, जोडी जन्माची. बदलायची तर अख्खी ट्यूब, आणि योक (मानेवरचं, बीम वळवणारं कॉइल) जुळणारं पाहिजे. काँट्रास्ट कमी करून काय झालं ते इथे लिहा, मग पुढचं बघू.