घरकुल बांधताना घरातल्या बाईला विचारतं का कोणी?

शहापूरचा_धाकला: राहतो ठाण्यात, गाव शहापूर तालुक्यात. परवा गावात नवी घरकुलं बघितली आणि डोकंच फिरलं. प्रधानमंत्री आवासमध्ये कमीत कमी २५ चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा त्यातच, सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, संडासाचे स्वच्छ भारतमधून १२ हजार वेगळे. पण आंघोळ कुठे करायची? न्हाणी म्हणजे परसात जुन्या साड्यांचा आडोसा, म्हणून बायका पहाटे अंधारात उरकून घेतात. गावचे दिवे पण सगळे नाक्यावर, विहिरीच्या वाटेला एक नाही. बाईला न विचारता आखलं की हे असंच होणार, माझं सरळ मत.

मुरबाडकर७७: भावा, तेवढ्या पैशात काय काय बसवणार? लोक कर्ज काढून स्लॅब टाकतात. आणि घरकुल बाईच्या नाहीतर दोघांच्या नावावर असतं, बांधतो लाभार्थी स्वतःच, मग तिला अडवलंय कोणी? आधी पाणी आणा. भातसा, तानसाचं पाणी मुंबई पिते आणि तुमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर, न्हाणी बांधून त्यात ओतणार काय?

घणसोलीची_सून: नावावर असणं वेगळं आणि गवंड्याने विचारणं वेगळं हो दादा. माझ्या माहेरी गवंडी दिराशी बोलतो, वहिनी चहा देते. आणि पाणी कमी असेल तर उलट तिलाच विचारायला हवं ना, हंडे कुठे ठेवायचे, मोरीचं पाणी अळू-केळीला कसं न्यायचं, हे ज्या बाईने दोन हंड्यांत अख्खं घर भागवलंय ती सांगेल, इंजिनियर नाही.

नकाशावाला_खारघर: मी आर्किटेक्ट. पोस्टशी अर्धाच सहमत. नुसतं विचारून भागत नाही, कागदावर नाव लागतं. इथे नैनात, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या नियोजन भागात, टीपी स्कीमची (नगररचना योजनेची) सुनावणी जमीनमालकाची होते, सातबाऱ्यावर नाव नाही तर तुमचं कोण ऐकणार. वडिलोपार्जित जमिनीत मुलींना महाराष्ट्राने १९९४ लाच हक्क दिला, देशभर २००५ ला आला, तरी भाऊ हक्कसोडपत्र पुढे करतात आणि बहिणी सही करतात, माहेर तुटू नये म्हणून. (आणि प्लीज, बागेत एक गुलाबी बाक ठेवून त्याला महिला धोरण म्हणू नका.)

मुरबाडकर७७: मग पंचायतीत ५० टक्के बायका आहेत ना, त्या काय करतात?

घणसोलीची_सून: खुर्ची तिची, शिक्का नवऱ्याच्या खिशात. आमच्याकडे बाई सरपंच असताना समाजमंदिराला लादी लागली आणि नदीवर कपडे धुवायला साधा ओटा नाही झाला. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची हे कायद्यातच आहे, आमच्याकडे रजिस्टर घरोघरी फिरवून सह्या घेतात, झाली सभा.

शहापूरचा_धाकला: तीच सभा यंदा खरी भरवायची म्हणतोय, संध्याकाळी, भाकऱ्या झाल्यावर.

मुरबाडकर७७: भरवा. पण नुसती न्हाणी मागू नका, वर टाकी आणि नळासकट मागा, नाहीतर त्यात सरपण भरतील.