सासरे बाहेर ओट्यावर विडी ओढतात, तरी बाळाच्या छातीत घरघर. धूर आत येतो का?

दाजीपेठेतली सून

नमस्कार. आमचं घर सोलापुरात, दाजी पेठेत. वर पत्रा, एकामागे एक दोन खोल्या, पुढे अरुंद ओटा आणि लगेच बोळ. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि आठ महिन्यांची मुलगी.

उन्हाळा लागल्यापासून मुलीच्या छातीत घरघर वाजते. मध्यरात्रीनंतर खोकत उठते, दूध ओकते, मग पहाटेपर्यंत खांद्यावर घेऊन फिरायचं. दवाखान्यात नेलं की वाफ देतात, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी विडी-सिगारेट ओढतं का? हे लगेच म्हणाले, घरात कोणी नाही, वडील बाहेर ओट्यावर ओढतात. डॉक्टरांनी मान हलवली आणि औषध लिहून दिलं. मी तिथे काही बोलले नाही, पण तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

मामा म्हणजे माझे सासरे, आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर गेले. विडी तेव्हापासूनची. दिवसाला एक बंडल संपतं. माणूस फार मायाळू आहे, नातीला घेतल्याशिवाय चहा पीत नाहीत. विडी विझवली की तसेच आत येतात आणि तिला उचलतात, शर्टाला वास येत असतो.

आत्या म्हणजे सासूबाई, घरीच विड्या वळतात. पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसतात, मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू. मुलगी आता रांगायला लागली आहे आणि सारखी त्या सुपाकडे जाते. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, त्यामुळे पिंपं भरून ठेवावी लागतात आणि डास होतात. रात्रभर कॉइल असते. सकाळी अंघोळ झाली की आत्या तिला धुरी देतात, निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, लसणाची सालं.

यातलं नेमकं कशाने होतंय? ओट्यावरचा धूर खरंच आत येतो का? आणि येत असेल तर मामांना मी कोणत्या तोंडाने सांगू?

पूर्व भागातली सिस्टर

ताई, एक सांगा. कूलर आहे का? असेल तर कुठे बसवला आहे आणि मामा नेमके कुठे बसतात?

दाजीपेठेतली सून

हो, आहे. ओट्याकडच्या खिडकीत बसवलाय, अर्धा बाहेर. दुपारी पत्रा इतका तापतो की कूलरशिवाय आत बसवत नाही. झळा येऊ नयेत म्हणून दार लावून घेतो. मामा कूलरच्या मागेच बसतात, तिथे सावली असते आणि ताट्यांतून गार लागतं. पाळणा कूलरच्या समोर आहे.

पूर्व भागातली सिस्टर

मला हेच वाटलं होतं. मी या भागात बरीच वर्षं बाळांच्या लसीकरणाला आणि गृहभेटींना फिरते, अशी मांडणी घरोघरी बघते.

कूलर मागच्या ताट्यांतून बाहेरची हवा ओढतो आणि पुढून खोलीत फेकतो. मामा त्या ताट्यांना लागून बसले की विडीचा धूर बोळात पांगायच्या आत कूलर तो उचलतो आणि थेट पाळण्यावर सोडतो. ओल्या वाळ्यावर मोठी धूळ अडकते, पण धुराचे कण फार बारीक असतात, बरेचसे पार होतात. कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू तर अडतच नाहीत. वर दार लावलेलं, म्हणजे आत आलेल्या धुराला निघायला वाट नाही. उन्हाळ्यातच त्रास का वाढला, याचं हे मोठं कारण असू शकतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना ‘बाहेर ओढतात’ एवढंच सांगू नका. कूलर कुठे, मामा कुठे, पाळणा कुठे, हे सगळं सांगा. कॉइल, धुरी आणि तंबाखूही सांगा. त्यांना घर दिसत नाही, तुम्हाला दिसतं.

आता धूर एवढा वाईट का. विडी ओढणारा आत घेतो तो धूर एक आणि दोन झुरक्यांच्या मध्ये बोटांत धुमसत राहते त्या टोकाचा धूर दुसरा. शेजारी बसलेल्याच्या वाट्याला मुख्यतः हा दुसरा येतो आणि त्यात विषारी द्रव्यं जास्त असतात, कारण तिथे तंबाखू मंद, अर्धवट जळत असतो. तंबाखूच्या धुरात ७,००० हून जास्त रसायनं सापडली आहेत, त्यातली सुमारे ७० कॅन्सर करणारी. मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तुमच्या मुलीच्या वयाचं बाळ ३० च्या आसपास, कधी त्याहून जास्त. तिच्या श्वासनलिका मुळातच अरुंद, त्यांना थोडी सूज आली तरी घरघर वाजते. अशा घरांतल्या मुलांना छातीचे संसर्ग जास्त होतात, दमा बळावतो, कान फुटतात. तान्ह्या बाळाचा झोपेत अचानक मृत्यू होण्याचा धोकाही वाढतो. हे वाचून घाबराल, तरीही लिहिते, कारण यातलं बरंचसं टाळता येण्यासारखं आहे.

खिडकी उघडली, पंखा लावला की झालं, असं बहुतेकांना वाटतं. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्याचा, २००६ चा अहवाल याच प्रश्नावर होता. दुसऱ्याच्या धुराची धोका नसलेली अशी कोणतीही पातळी नाही, हा त्याचा निष्कर्ष. खोली वेगळी केली, हवा खेळती ठेवली तरी पूर्ण संरक्षण मिळत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे. म्हणून मी घरोघरी एकच सांगते, विडी उंबऱ्याबाहेर पुरत नाही. दार-खिडकी-कूलरपासून लांब गेली पाहिजे. तुमच्याकडे बोळाच्या तोंडाशी किंवा चौकात.

मामांनी ओढून झाल्यावर हात-तोंड धुवावं, शर्ट बदलावा, थोडं थांबावं आणि मगच मुलीला घ्यावं. धुराचा थर कपड्यांवर, गोधडीवर, पडद्यावर बसतो आणि बाळ तेच तोंडात घालतं.

आता कॉइल. बंद खोलीत रात्रभर कॉइल मला विडीइतकीच खटकते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल जळून संपेपर्यंत जेवढे बारीक कण हवेत सोडते, तेवढे सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी जाळाव्या लागतील, असं त्यात आढळलं. आजच बंद करा. पाळण्याला मच्छरदाणी लावा, कडा गादीखाली नीट खोचा. पिंपांना घट्ट झाकण किंवा फडकं बांधा. पाणी यायच्या आदल्या दिवशी पिंप रिकामं होतंच, तेव्हा आतून घासून कोरडं करा, कारण डासाची अंडी काठाला चिकटून राहतात. कूलरच्या टाकीकडे कोणाचं लक्ष जात नाही, तीही आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा. डासांचं मूळ तिथेच असेल.

धुरी पूर्ण बंद. ओवा-वावडिंग आपल्या आज्यांनी प्रेमाने दिलं, मी नाही म्हणत नाही. पण निखाऱ्याचा धूर हा धूरच, आणि घरघर असलेल्या बाळाला तो थेट नाकाशी देतोय आपण. बंद खोलीत निखारे ठेवणं तर जिवावरचं आहे, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. आत्यांना सांगताना ‘धुरी चुकीची’ असं म्हणू नका. ‘हिची छाती वाजते, डॉक्टर नको म्हणाले’ एवढंच म्हणा, आणि डॉक्टरांकडून तसं वदवून घ्या. अंघोळीनंतर अंग नीट पुसून, कोरड्या कपड्यात गुंडाळलं की ऊब मिळते.

मामांशी बोलायचं काम तुमचं नाही. मुलाने बोलावं. सुनेने सांगितलं की मानापमान होतो, मुलाने सांगितलं की ऐकून घेतात. त्याहून चांगलं म्हणजे पुढच्या वेळी मामांनाच दवाखान्यात न्या. छातीला नळी लावल्यावर डॉक्टर काय सांगतात ते आजोबांनी स्वतः ऐकू द्या. नातीवर एवढा जीव असलेल्या माणसाला मी ओट्यावरून चौकात जाताना पाहिलंय, एकदा नाही, पुष्कळदा.

बाळाच्या बरगड्या श्वास घेताना आत ओढल्या जाऊ लागल्या, ओठ निळसर दिसले, दूध ओढेनासं झालं तर वाट बघू नका. रात्र असली तरी सरळ सिव्हिल गाठा.

शेळगीकर

एवढं काही नसतं. आमचे आजोबा आयुष्यभर विडी ओढत होते, घरात दहा पोरं वाढली, सगळी ठणठणीत. सोलापुरात रस्त्यावर जेवढा धुरळा आहे तेवढा कुठल्या विडीत नाही. म्हाताऱ्या माणसाला या वयात चौकात कशाला पाठवायचं?

पूर्व भागातली सिस्टर

दादा, आजोबांचं चांगलं झालं, आनंद आहे. पण धोका म्हणजे सगळ्यांनाच होईल असं नसतं, होणाऱ्यांची संख्या वाढते, आणि ती वाढ एका घराकडे बघून दिसत नाही. जपानमध्ये हिरायामा या संशोधकांनी स्वतः न ओढणाऱ्या ९१ हजारांहून अधिक बायकांची माहिती १४ वर्षं ठेवली. १९८१ साली निष्कर्ष आले. नवरा जितकं जास्त ओढणारा, तितका बायकोला फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका जास्त. त्यानंतर अनेक देशांत हेच दिसलं. घरात ओढणारा असेल तर न ओढणाऱ्याला या कॅन्सरचा धोका २० ते ३० टक्क्यांनी वाढतो आणि हृदयविकाराचाही जवळपास तेवढाच.

रस्त्यावरच्या धुळीचं तुमचं म्हणणं खरं आहे. केंद्राने २०१९ ला सुरू केलेल्या स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत सोलापूर आहेच. पण बाळ दिवसाचे जवळजवळ सगळे तास घरात असतं. रस्ता आपल्या हातात नाही, खोली आहे.

मागवाला, अक्कलकोट रोड

सिस्टर बोलल्या ते बरोबर. मी टॉवेलच्या मागावर आहे. आमच्या वडिलांना पण गिरणीपासूनची सवय. त्यांची छाती मुळातच कापसाच्या तुसाने धरलेली. गिरणीवाले जुने लोक सांगायचे बगा, सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळते. त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात हे मला नंतर कळलं. अशा छातीवर विडी म्हणजे दुप्पट नुकसान. ताई, तुमच्या मामांचीही छाती एकदा तपासून घ्या. फक्त बाळाचं नका बघू, त्यांनाही बरं वाटंल की आपली कोणाला तरी काळजी हाय.

आमच्याकडे काय केलं सांगतो. भावाच्या मुलीला दम लागायचा. मी वडिलांना म्हटलं, आण्णा, तुमची खुर्ची मी लिंबाखाली टाकतो, पेपर पण तिथंच देतो, चहा पण. ओढू नका असं म्हटलंच नाही. सुरुवातीला रागावले, दोन घास कमी जेवले. मग तिथं त्यांच्या वयाचे आणखी दोघं बसायला लागले, अड्डा जमला. लांब जायचं म्हणून विड्या पण आपोआप कमी झाल्या. सोडायची इच्छा झाली तर १८००-११-२३५६ या सरकारी नंबरवर फोन करा, पैसे पडत नाहीत, सोडायला मदत करतात. आमच्या आण्णांनी अजून पूर्ण सोडली नाही, पण घराजवळ विडी पेटत नाही.

दाजीपेठेतली सून

सगळ्यांचे खूप आभार. कॉइल कालच बंद केली आणि मच्छरदाणी आणली. कूलरची टाकी यांनी उपसली तर तळाशी अळ्या वळवळत होत्या. पाळणाही मागच्या खोलीत हलवला. मामांशी हे आज रात्री बोलणार आहेत, पुढच्या तपासणीला त्यांनाही नेऊ.

एक राहिलं. आत्यांच्या कामाचं काय करू? विड्या बंद करा असं म्हणणं मला शक्य नाही. किराणा त्या पैशावर चालतो, आणि ते त्यांचे स्वतःचे पैसे आहेत.

कुंभारीची विडी कामगार

ताई, मी स्वतः वळते, आईपण वळायची. बंद करा म्हणू नका, बरोबर केलं. जागा बदला. तुम्ही पाळणा मागे नेला ना, मग पुढची खोली कामाची आणि मागची झोपायची, असंच ठेवा. तंबाखूची पिशवी झोपायच्या खोलीत कधीच नको, तोंड बांधून उंच ठेवायची. पोर रांगती असली की सूप जमिनीवर ठेवून उठायचं नाही, पाणी प्यायला गेलं तरी वर ठेवायचं. एवढासा तंबाखू पोराच्या तोंडात गेला तरी विषबाधा होते.

काम झाल्यावर झाडू मारू नका. झाडूने बारीक गर्दा उडतो आणि तासभर हवेत राहतो. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते फडकं वेगळं ठेवा. मी वळताना नाकाला ओलं फडकं बांधते, कामाची साडी वेगळी आहे, ती बदलून, साबणाने कोपरापर्यंत हात धुऊनच नातवाला घेते. तंबाखूचं निकोटीन कातडीतून पण आत जातं, म्हणून तर नव्या मुलींना वळायला बसलं की मळमळतं, गरगरतं. आत्यांना पण सांगा, जेवायच्या आधी हात चांगले धुवा, नुसते पदराला पुसू नका. आणि कामाला उजेडाच्या दारापाशी बसा, पण त्या वेळी कूलर बंद ठेवा किंवा त्याच्या वाऱ्यात बसू नका, नाहीतर गर्दा सगळ्या घरात जातो.