'क्लाउड अँटिव्हायरस'ला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ: सांगलीतल्या एका पतसंस्थेच्या स्टाफसाठी माहितीपत्रक लिहितोय, नवा अँटिव्हायरस बसवलाय त्याचं. मी 'मेघाधारित विषाणुरोधक' लिहिलं तर मॅनेजर म्हणाले, हे वाचून कुणी कॉम्प्युटरला हात लावणार नाही. त्यात फायलीचा हॅश, म्हणजे मजकुरावरनं काढलेला ठराविक लांबीचा आकडा, सर्व्हरकडं जातो, तिथं यादीशी ताडून उत्तर येतं; फाइल अनोळखी निघाली तर सेटिंगप्रमाणं अख्खी फाइलपण मागवतात. हॅशला काय म्हणू? खातेदारांची माहिती बाहेर जाते का, असं सगळे विचारायलेत.

तासगावचा: ढग नको बाबा. आमच्याकडं ढग आलं की द्राक्षावर डावणी आणि आम्ही फवारणीला पळतो. 'संरक्षण ढगातून' म्हणलं तर बागायतदार ठेवीच काढतील 😀

शुद्धमती: मेघ काय वाईट? भारत सरकारच्या क्लाउडचं नावच मेघराज आहे. आणि विषाणू तर चपखल, लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विषच, संस्कृत 'विष'चा भाऊबंद.

मिरज_जंक्शन: पण सगळं मालवेअर, म्हणजे घातकी सॉफ्टवेअर, विषाणू नसतं हो. व्हायरस दुसऱ्या फायलीला चिकटून पसरतो, वर्म आपला आपण नेटवर्कवरनं फिरतो (२०१७ चं वॉनाक्राय तसलंच), ट्रोजन चांगल्या सॉफ्टवेअरचं सोंग घेऊन येतं. मूळ नावच अर्धवट, भाषांतर कशाला अचूक पाहिजे?

सातारी: क्लाउड जुन्या इंग्रजीत खडक किंवा टेकडी होता, ढगांचे ढीग तसे दिसतात म्हणून अर्थ सरकला. 'अजिंक्यतारा-आधारित' लिहा, आमची हरकत नाही.

कृष्णाकाठ: हॅशचं बघा की राव. 'ठसा' लिहू?

मिरज_जंक्शन: लिहा. ठशावरनं माणूस उभा करता येत नाही, हॅशवरनं फाइल परत बनत नाही. पण एक अक्षर बदललं की ठसा पार बदलतो, म्हणून नुसत्या ठशावर भागत नाही. मिशिगन विद्यापीठानं २००८ ला क्लाउडएव्ही नावाची यंत्रणा केली त्यात नवी फाइलच नेटवर्कवर पाठवून दहा अँटिव्हायरसकडनं तपासायचे, एकाला न सापडलेलं दुसऱ्याला सापडतं.

शुद्धमती: ठसा ग्रामीण वाटतो. 'मुद्रा' म्हणा.

तासगावचा: मुद्रा म्हणलं की लोक कर्जाचा फॉर्म मागत्याल.

शुद्धमती: आणि 'डावणी' हा शब्द नाही, 'केवडा' म्हणतात त्या रोगाला.

तासगावचा: पुस्तकात म्हणत असतील. औषधाच्या दुकानात केवडा मागा, अत्तराच्या दुकानाचा पत्ता देतील.

सातारी: केवडा आमच्याकडं बाजरीवर पडतो, त्याला गोसावीपण म्हणतात. द्राक्षाला पण तोच शब्द?

कृष्णाकाठ: पत्रक उद्या छापायला जातंय हो.

शुद्धमती: 'गोसावी' मुळात 'गोस्वामी'वरून.