सनरूफसाठी टप कापला तर गाडीची बॉडी ढिली पडते का?

घाटवळण (सातारा)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे 2017 ची पेट्रोल हॅचबॅक आहे, साध्या पत्र्याच्या टपाची. धाकट्या भावाला सनरूफ हवं आहे. त्याने एका गॅरेजमध्ये विचारलं, तर ते म्हणे टप कापून एका दिवसात काच बसवून देतात. गाडी बहुतेक रविवारी कास नाहीतर ठोसेघरच्या रस्त्याला असते. वडील म्हणतात बॉडी ढिली पडेल. गॅरेजवाला म्हणतो, "टपावर कसला लोड? सगळं वजन खालच्या चॅसीवर." कंपन्याही सनरूफ देतातच, आणि थार तर कापडी टपाचीही आली आहे. मग टपाचा बॉडीच्या ताकदीशी संबंध नेमका किती?

डोंगरगाडी (नाशिक)

माझी थार सॉफ्ट टॉप आहे. टप उघडून त्र्यंबक-जव्हार बाजूला भरपूर फिरलोय, कच्च्या रस्त्यावरसुद्धा. काही होत नाही. बिनधास्त करून घ्या.

पत्रा_आणि_पीळ (चिंचवड)

घाटवळण, बिनधास्त करू नका, कळकळीने सांगतोय. माझी सगळी नोकरी गाड्यांच्या बॉडी डिझाइनमध्ये गेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोंगरगाडी, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो थारपुरता. थारला खाली लॅडर फ्रेम, म्हणजे शिडीच्या आकाराची जाड लोखंडी चौकट आहे. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन सगळं त्या फ्रेमला जोडलेलं, आणि बॉडी वर रबराच्या माउंटवर बसवलेली. जुनी जीप, जिप्सी यांचंही तसंच. तिथे टप पत्र्याचा असो की कापडाचा, रस्त्याचा मार प्रामुख्याने फ्रेम खाते. हॅचबॅक मोनोकॉक असते. तिला "खालची चॅसी" असा वेगळा भागच नाही. फ्लोअर, दाराखालचे सिल, खांब आणि टप मिळूनच तिची चॅसी होते. गॅरेजवाल्याचं वाक्य इथेच चुकतं.

टपावर वजन नसतं हे बरोबर, पण बॉडीला त्रास नुसत्या वजनाचा नसतो, पिळाचा असतो. पुढचं डावं चाक खड्ड्यात गेलं आणि उजवं वरच राहिलं की अख्खी बॉडी पिळली जाते. कंपनीत हे मोजताना बॉडीची मागची बाजू घट्ट बांधतात आणि पुढून पीळ देतात. एक अंश पीळ यायला किती न्यूटन-मीटर (पिळणाऱ्या जोराचं माप) लागले, तो तिचा ताठरपणा. आजच्या बऱ्याच चांगल्या मोनोकॉक गाड्यांत हा आकडा 20,000 च्या वर असतो.

भावाला एक प्रयोग करायला सांगा. नळाच्या कामातला पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घ्या आणि दोन्ही हातांनी पिळून बघा. हलणार नाही. मग हॅक्सॉने त्याला लांबीभर एकच चीर द्या आणि परत पिळा. प्लास्टिक जवळजवळ तेवढंच आहे, पण आता पाइप सहज वळतो आणि चिरेच्या दोन कडा एकमेकींवरून सरकताना डोळ्यांना दिसतात. 50 मिलिमीटर व्यास आणि 2 मिलिमीटर जाडी धरली, तर हिशेबाने फरक चारशे पटींहून जास्त येतो. बंद नळी पिळाला दाद देत नाही, उघडी लगेच देते.

गाडीत इतका फरक पडत नाही, कारण सिल, खांब, टपाच्या कडेच्या पट्ट्या या स्वतःही बंद नळ्याच आहेत. पण अख्खा टप गेला की काय होतं, याचं चांगलं उदाहरण म्हणजे बीएमडब्ल्यू झेड-3. आधी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची गाडी आली. मग तिथल्याच काही इंजिनिअर मंडळींनी तिच्यावर पत्र्याचा टप चढवला आणि 1998 मध्ये कूपे, म्हणजे बंद टपाची गाडी विक्रीला आली. पाया तोच, पण पिळाला ताठरपणा अडीच पटींहून जास्त. नुसत्या टपाने! म्हणून उघड्या गाड्यांत कंपनी सिल जाड करते, काचेच्या खांबात मजबूत नळ्या घालते, पोटाखाली आडव्या-तिरक्या पट्ट्या लावते. गाडीचं वजन वाढतं आणि तरीही कूपेची बरोबरी सहसा होत नाही. मॅकलॅरनसारख्या महागड्या स्पोर्ट्स गाड्यांचा कार्बन फायबरचा खालचा टब (माणसं बसतात तो सांगाडा) मुळातच इतका ताठर असतो की त्यांना टपाची गरज पडत नाही. पण तो मामला वेगळा.

आता तुमचा टप. वरचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असेल, तरी तो डाव्या-उजव्या कडांना चौकोनात धरून ठेवतो, तिरकं होऊ देत नाही. त्याच्याखाली आडव्या पट्ट्या असतात. मधली पट्टी सहसा दोन्ही बाजूंच्या बी पिलरना (पुढच्या आणि मागच्या दारांमधले खांब) जोडते आणि खांब, पट्टी, फ्लोअर मिळून एक कडं तयार होतं. सनरूफ बसवताना नेमकी हीच पट्टी आडवी येते. कंपनी सनरूफ देते तेव्हा भोकाभोवती दाबून घडवलेली चौकट स्पॉट वेल्डने जोडते, कडेच्या पट्ट्यांचा हिशेब नव्याने करते, आणि हे सगळं रंगाच्या आधी होतं. पॅनोरमिकची (टपभर मोठ्या सनरूफची) न हलणारी काच चिकटवलेली असते, तीही थोडा ताठरपणा परत देते. बाहेर बसवताना कटर फिरतो, पट्टी कापली जाते आणि सनरूफची चौकट पत्र्याला खालून स्क्रूने आवळली जाते. कापलेल्या कडेवर कंपनीचं गंजरोधक कोटिंग उरत नाही. साताऱ्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगणार.

मीनल_पुणे

दादा, मग डिकीवाली सेडान हॅचबॅकपेक्षा ताठर असते का? आम्ही दोन्हींत अडकलोय.

पत्रा_आणि_पीळ (चिंचवड)

मीनलताई, पाया सारखा असेल तर सहसा हो. सेडानच्या मागच्या सीटमागे आणि काचेखालच्या ट्रेला पत्रा असतो, तो पेटीला आडवा पडदा घालतो. हॅचबॅकला मागे सताड मोठं दार, म्हणून त्या दाराभोवतीची चौकट जाड करावी लागते. पण चांगल्या डिझाइनची हॅचबॅक जुन्या सेडानपेक्षा कितीतरी ताठर निघते. त्यामुळे नुसत्या आकारावरून गाडी निवडू नका.

घाटवळण (सातारा)

काका, मनापासून आभार. भावाच्या मित्राने मात्र हे काम आधीच करून घेतलंय. त्याच्या गाडीत काय बघावं?

पत्रा_आणि_पीळ (चिंचवड)

आधी दारं बघा. गाडी सपाट जागी उभी करून चारही दारं उघडून लावा, फटी बघून ठेवा. मग पुढच्या कोपऱ्यात, कंपनीने सांगितलेल्या जागीच जॅक लावून एक चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचला. मागचं चाक दगड किंवा ठोकळा लावून अडवा, गाडीखाली कुणी जाऊ नका. आता त्याच बाजूचं दार परत हळू लावा. वरचा मागचा कोपरा खांबाला घासायला लागला किंवा लॉक स्ट्रायकरवर (खांबावरच्या ज्या कडीत ते अडकतं तिच्यावर) वर-खाली आदळायला लागलं, तर बॉडी नको तेवढी पिळतेय. पुढच्या काचेच्या कोपऱ्यातून निघालेली बारीक चीर आणि खराब रस्त्यावर दारांच्या रबराची करकर, ही आणखी दोन लक्षणं.

नंतर टपाचं अस्तर उतरवून मधली पट्टी कापली आहे का ते बघायला सांगा. कापली असेल तर सनरूफ काढून पट्टी आणि टपाचा पत्रा मूळ पार्ट आणून वेल्ड करून घेणं हाच मार्ग. फोमने नाहीतर सिलिकॉनने भरून भागत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ही वाचा. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमकं तेच काढते. भावाला सनरूफ हवंच असेल, तर पुढची गाडी कंपनीकडूनच तशी घ्या.