४९ वरून थेट ५३: हा विजय धरायचा का?

नौपाड्याचा_पाईक: रविवारी वर्तकनगरला मित्राकडे आम्ही सहाजण कॉम्प्युटर एकमेकांना जोडून (लॅनवर) एज ऑफ एम्पायर्स या युद्धाच्या कॉम्प्युटर गेमचा पहिला, १९९७चा भाग खेळलो. प्रत्येकाच्या लोकसंख्येची मर्यादा ५०, त्यात कामकरी आणि सैनिक दोन्ही आले. एकजण ४९ वर आला, चार बॅरॅकमध्ये, म्हणजे सैनिक बनवणाऱ्या इमारतींमध्ये, पटापट क्लिक केलं आणि चारही सैनिक बाहेर पडले. ५३! जागा आहे का, हे गेम सैनिक बनायला लागतानाच बघतो. बनत असलेले मोजत नाही. त्या जादा सैनिकांच्या जोरावर त्याने मला संपवलं. मी हा विजय मानत नाही. या गेमचा जीवच त्या ५० मध्ये आहे. शेतावर एक माणूस वाढवला की सैन्यातला एक कमी. मी रात्रभर हा हिशोब सांभाळायचा आणि दुसऱ्याने चार क्लिकमध्ये मोडायचा?

वाशीकर_१७: अजिबात पटलं नाही. स्टारक्राफ्ट या तसल्याच गेममध्ये झर्ग जमातीचे ९ पैकी ९ भरले की ड्रोनला, म्हणजे त्यांच्या कामकऱ्याला, एक्स्ट्रॅक्टर ही गॅस काढायची इमारत बांधायला लावतात. ड्रोन स्वतःच ती इमारत बनतो, म्हणून एक जागा मोकळी होते. त्या जागेत नवा ड्रोन काढतात आणि एक्स्ट्रॅक्टर रद्द करतात, की पहिला ड्रोन परत येतो. झाले १०. व्यावसायिक खेळाडूही हे उघडपणे करतात. त्याला कौशल्य म्हणायचं आणि आपल्या मित्राला चोर?

नौपाड्याचा_पाईक: दादा, एक्स्ट्रॅक्टर रद्द केला की पैसे पूर्ण परत मिळत नाहीत, पाऊणच मिळतात. तिथे किंमत मोजली जाते. इथे काय मोजलं?

वाशीकर_१७: चार बॅरॅक म्हणजे ५०० लाकूड. फुकट नाही ते.

खारघरची_मुग्धा: मी बुकिंगची सॉफ्टवेअर लिहिते, ही चूक रोज बघते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकच जागा रिकामी आहे आणि चार गेटवरच्या वॉचमननी एकाच क्षणी चार गाड्यांना आत सोडलं, तसं हे. पावती फाडतानाच जागा राखून ठेवली असती तर प्रश्न आला नसता. चूक गेमची आहे, शोधणाऱ्याला चोर म्हणू नका. पण नवख्यांना न सांगता वापरणं मलाही खटकतं. पाईक, तुमच्यातल्या किती जणांना हे माहीत होतं?

नौपाड्याचा_पाईक: दोघांना. माझा भाचा पहिल्यांदाच खेळत होता, तो तर ५० ला अडकून घरं बांधत बसला. त्याचा चेहरा बघून जास्त वाईट वाटलं.

वाशीकर_१७: भाच्याचं मान्य. आधी सांगायला हवं होतं. पण मग एज ऑफ एम्पायर्समधल्या प्रीस्टने, म्हणजे पुजाऱ्याने, शत्रूचा सैनिक फितवून आपल्या बाजूला घेतला तरी आकडा ५० च्या वर जातो. तोही काढायचा का?

नौपाड्याचा_पाईक: नाही. तिथे समोरच्याचा एक कमी होतो, नकाशावरची एकूण माणसं तेवढीच राहतात. शिवाय प्रीस्ट जीव धोक्यात घालून पुढे जातो. बॅरॅकमधून मात्र माणसं नव्यानेच उगवतात. येत्या रविवारी एवढंच ठरवा: बॅरॅकमुळे ५० च्या वर गेलेला सैनिक ज्याचा त्याने लगेच डिलीट करायचा. मान्य असेल तर मी भाच्याला घेऊन येतो.

वाशीकर_१७: मला ते पटत नाही. युक्ती सगळ्यांना शिकवून मोकळं सोडा. भाच्याला शनिवारीच माझ्याकडे पाठव, मी शिकवतो.