ट्रॅक डे आणि ऑटोक्रॉस, दोन्हींसाठी एकच टायर? आय20 एन लाइन, 195/55 आर16

घोडबंदर_एनलाइन
नमस्कार मंडळी. गाडी ह्युंदाई आय20 एन लाइन, मूळ माप 195/55 आर16 87व्ही (195 मिमी रुंदी, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 55 टक्के, 16 इंची रिम). नक्षी 3 मिमीवर आली आहे, त्यामुळे चारही टायर बदलायचे आहेतच. पुढच्या महिन्यात नवी मुंबईत डांबरी मैदानावर ऑटोक्रॉस (शंकूंमधून एकेका गाडीची घड्याळाशी शर्यत) आहे आणि डिसेंबरात कोईंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ट्रॅक डे (शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवण्याचा दिवस). हीच गाडी ठाण्याहून अंधेरीला रोज जाते, पावसाळ्यातसुद्धा.

200 ट्रेडवेअरचा (ट्रेडवेअर म्हणजे टायर किती हळू झिजतो त्याचा आकडा) सेमी-स्लिक, म्हणजे कमी खाचांचा चिकट टायर, शोधावा की रस्त्यावरचाच चांगला परफॉर्मन्स टायर घ्यावा? रुंदी 205 करून काही फरक पडेल का? आणि हवा किती ठेवायची?

शोल्डर_ब्लॉक
आधी हे लक्षात घ्या की तुमच्या दोन कार्यक्रमांच्या मागण्या एकमेकींच्या उलट आहेत.

ऑटोक्रॉसची एक फेरी साधारण मिनिटभराची. टायर तापायच्या आतच फेरी संपते. तिथे थंड असतानाच चिकटणारं रबर आणि स्टिअरिंग वळवताच उत्तर देणारी ताठ साइडवॉल हवी. ट्रॅकवर 15-20 मिनिटं सलग चालवता, त्यात पुढची चाकं वळणं, ब्रेक आणि इंजिनाची ताकद असं तिन्ही ओझं एकटीच उचलतात. तिथे प्रश्न उष्णता टिकवण्याचा नाही, उष्णता सहन करण्याचा आहे. नवाकोरा, 8 मिमी नक्षीचा टायर ट्रॅकवर नेलात की नक्षीचे उंच ठोकळे आडवे हलत राहतात, मुळापासून तापतात आणि बाहेरच्या खांद्यावरून (नक्षीच्या कडेवरून) रबराचे तुकडे उडायला लागतात. याच कारणाने कोरड्या ट्रॅकवर 4-5 मिमी उरलेला टायर नव्यापेक्षा बरा चालतो. म्हणजे टायर आत्ताच घ्या. डिसेंबरपर्यंत रोजच्या वापरात नक्षी थोडी खाली येईल आणि ठोकळे तेवढे कमी हलतील.

एकच संच आणि पावसातली रोजची ये-जा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सेमी-स्लिक नको. त्याच्या खाचा कमी आणि उथळ असतात. जुलैत पूर्व द्रुतगती महामार्गावर पाणी साचलं की 80 च्या वेगाला गाडी पाण्यावर तरंगते. मिशेलिन पायलट स्पोर्ट, योकोहामा ॲडव्हान फ्लेवा, कॉन्टिनेंटल मॅक्सकॉन्टॅक्ट या जातीचा टायर बघा. तुमच्या मापात प्रत्यक्ष काय हाताशी आहे ते दुकानात विचारूनच ठरवा, कारण जून 2020 मध्ये डीजीएफटीने (परदेश व्यापार महासंचालनालयाने) नव्या टायरची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘प्रतिबंधित’ (परवाना लागणाऱ्या) यादीत टाकली आणि तेव्हापासून 16 इंची स्पोर्ट टायरची निवड आक्रसली. शिवाय आयएसआय खूण लागतेच.

साइडवॉलवरचे डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. 2324 म्हणजे 2024 सालच्या 23व्या आठवड्यात बनलेला. दोन वर्षं गोदामात पडलेला स्पोर्ट टायर सवलतीत मिळाला तरी नको, रबर कडक व्हायला लागलेलं असतं.

ट्रेडवेअरबद्दल: तो आकडा कंपनी स्वतःच्या चाचणीवरून स्वतःच देते. योकोहामा निओव्हा एडी08आरवर 180, ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-71आरएसवर 200, पण आकडा कमी आहे यावरून पहिला जास्त चिकट असं ठरत नाही. एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला तो ठीक.

हवा_आणि_कॅम्बर
मापाचं उत्तर देतो. 195/55 आर16 चा व्यास साधारण 621 मिमी. 205/50 आर16 चा 611, म्हणजे दीड टक्का कमी. गिअरिंग किंचित आखूड होतं (त्याच गिअरला वेग थोडा कमी, ओढ जास्त), साइडवॉल खाली येते, आणि स्पीडोमीटर तेवढाच जास्त दाखवतो. साडेपाच ते साडेसात इंची रिमवर तो बसतो. 205/55 मात्र घेऊ नका: व्यास 632 होतो, साइडवॉल उंच होते, हवं त्याच्या नेमकं उलट. लोड इंडेक्स (वजन पेलण्याचा आकडा) 87 च्या खाली जाऊ देऊ नका, तो प्रत्येक टायरला 545 किलो देतो. वेगाचा दर्जा व्ही किंवा वर. चारही टायर एकच मॉडेल हवेत. पुढे चिकट आणि मागे जुने लावलेत तर वळणात ॲक्सिलरेटर सोडताच मागची बाजू बाहेर फेकली जाते.

आता हवा, कारण बहुतेकांचा ट्रॅक डे इथेच बिघडतो. 25 अंशांना 30 पीएसआय भरलेली हवा 65 अंशांना 36 होते. त्यामुळे ट्रॅकवर थंड आकडा नाही, गरम आकडा धरायचा. सुरुवात पुढे 30, मागे 29 ने करा. पहिलं सत्र संपवून पिटमध्ये थांबताच, हँडब्रेक न ओढता, लगेच मोजा. गरम असताना पुढे 35-36 आणि मागे 33-34 हे तुमच्या वजनाच्या गाडीला चांगलं लक्ष्य आहे. जास्त असेल तेवढी सोडा आणि पुढच्या सत्रानंतर पुन्हा मोजा. दुपारी डांबर तापलं की आणखी सोडावी लागते.

ऑटोक्रॉसला हे चालत नाही, टायर तापतच नाही. थंडच पुढे 36, मागे 38-40 ठेवा. साइडवॉलवर, नक्षीच्या कडेला जो छोटा त्रिकोण असतो, त्याच्यावरून खाली पांढऱ्या खडूची रेघ मारा. फेरीनंतर खडू त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला गेला असेल तर हवा बरोबर. त्रिकोणाच्याही खाली पुसला गेला तर टायर लोळतोय, म्हणजे साइडवॉलवर कलतोय, 2 पीएसआय वाढवा. टोकापर्यंत पोचलाच नाही तर 2 कमी करा.

पेट्रोल पंपावरची हवा भरू नका. कॉम्प्रेसरच्या टाकीत आपल्याकडच्या दमट हवेचं पाणी साठतं, ते टायरमध्ये गेलं की तापल्यावर दाब किती चढेल याचा नेम राहत नाही. कोरडा नायट्रोजन घ्या, आणि डिजिटल गेज स्वतःचा ठेवा.

कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल: पुढच्या स्ट्रटवर (शॉकॲब्सॉर्बरच्या खांबावर) तो बदलायची मूळ सोय नाही. कॅम्बर बोल्ट बसवून उणे दीड अंशाच्या आसपास नेलात आणि टो (चाकांची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं माप) शून्यावर ठेवलात तर बाहेरचा खांदा वाचतो. रोजच्या वापरात आतली कड खाते ती मुख्यतः चुकीच्या टोमुळे, म्हणून बोल्ट बसवल्यावर अलाइनमेंट त्याच दिवशी करा.

डांबर_की_मुरूम
थोडा वेगळा सूर. जागा असेल तर दुसरा संच खरंच घ्या, जुनी मूळ रिम पुरे. रोजचा टायर ट्रॅकवर झिजवून त्याच टायरने पावसाळा काढणं मला पटत नाही. कायद्याची मर्यादा 1.6 मिमी असली तरी मुंबईच्या पावसाला 3 मिमीच्या खाली भरवसा नाही. संच बिल्डिंगच्या पंप रूममध्ये मात्र ठेवू नका: मोटारीच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि साइडवॉलला बारीक चिरा पडतात. काळ्या पिशवीत बांधून घरातल्या माळ्यावर ठेवा.

आणि आयोजकांना एकदा विचारा, मैदान पूर्ण डांबरी आहे ना? आपल्याकडे ऑटोक्रॉस बरेचदा मुरमावर होतं. तिथे स्पोर्ट टायरच्या खाचा पहिल्याच वळणात मातीने भरतात, मग तो गोटाच.

घोडबंदर_एनलाइन
खूप आभार. मैदान डांबरी आहे, विचारून घेतलं. 205/50 मध्ये जे ताजं मिळेल ते घेतो. एकाने राष्ट्रीय स्पर्धेच्या गाडीवरून उतरलेले स्लिक (नक्षी नसलेले टायर) स्वस्तात देऊ केलेत, फक्त ट्रॅकसाठी. घेऊ का? आणि कोईंबतूरला चालवतच जाणार आहे.

शोल्डर_ब्लॉक
नको. स्लिक रस्त्यावर बेकायदेशीर, म्हणजे बाराशे किलोमीटरच्या वर ते डिकीत न्यायचे, आणि आय20 च्या डिकीत चार चाकं मावत नाहीत. वर ते किती वेळा तापून थंड झालेत हे कोणी सांगत नाही. दर वेळी रबर थोडं कडक होतं. नक्षी नसल्यामुळे डोळ्यांना ते नवे दिसतात, म्हणून शोअर ए मीटर (रबराचा कडकपणा मोजणारा) लावून बघतात. थंड असताना 70 च्या वर आकडा आला तर ग्रिप संपलेली आहे.

चालवत जाणार असाल तर 12 व्होल्टचा पंप सोबत हवाच. ट्रॅकवर गरम असताना हवा सोडलेली असते. संध्याकाळी टायर थंड झाला की पुढे 28-29 उरतात. तसेच हायवेला लागलात तर साइडवॉल दुमडत राहून आतून तापते आणि फाटते. दाराच्या स्टिकरवरचा आकडा भरूनच निघा. नट टॉर्क रेंचने पहिल्या सत्रानंतर पुन्हा कसा.

हवा_आणि_कॅम्बर
एक राहिलं. टायर एकदिशी असेल, म्हणजे फिरण्याचा बाण असलेला, तर ट्रॅक डेनंतर पुढच्या दोघांचा बाहेरचा खांदा जास्त खाल्लेला दिसेल. ते रिमवरून उतरवून उलटे चढवा आणि डावा उजवीकडे, उजवा डावीकडे लावा. बाण बरोबर दिशेलाच राहतो, झिजलेली कड आत जाते. ‘आउटसाइड’ लिहिलेल्या असममित (आतली आणि बाहेरची नक्षी वेगळी असलेल्या) टायरला ही सोय नाही, तो उलटा चढवता येत नाही. चढवल्यावर बॅलन्सिंग पुन्हा लागेल.